एका पुस्तकाची एकोणीस पुस्तकं

नागपुरात खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालक अंगणात बसून एक नवंकोरं पुस्तक उसवत होते. पुस्तक अर्थशास्त्राचं, इंग्रजी, विटेएवढं जाड. दुकानाच्या काचेबाहेरून मी ते दोन वर्षं बघत आले होते. त्यांनी ते पालथं घातलं, पुठ्ठ्याच्या कडेनं सुरी फिरवली आणि पाठीवरची पट्टी दुधीची साल काढावी तशी काढून बाजूला ठेवली. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, काय करताय?" वर न बघता ते म्हणाले, "दिसून नाही राहिलं का? पुस्तक मोकळं करून राहिलो."

म्हातारा ठार वेडा आहे, असं माझं त्याच क्षणी मत झालं. पण खोली हवेशीर होती, नळाला दोन्ही वेळ पाणी होतं, आणि माझ्या गावी, खापरखेड्याला जाणारी बस कोपऱ्यावर थांबत होती, म्हणून राहिले. चार वर्षं राहिले. त्यांच्याबद्दलचं ते पहिलं मत मला कधी बदलावं लागलं नाही. वेड्यांबद्दलचं मत मात्र बदललं.

सगळे त्यांना काकाजी म्हणत. एका मोठ्या छापखान्यात अडतीस वर्षं बाइंडर होते. जगातली सुटी पानं एकत्र शिवण्यात उमर गेली आणि निवृत्त झाल्यावर शिवलेली पुस्तकं सुटी करायला बसले. काकू म्हणायच्या, "सरकारनं यायले पेन्शन देल्ली तेच चुकलं. कामावर होते तवा निदान पुस्तकं सलामत तरी होती." काकूंचं दुसरं म्हणणं असं, की लक्ष ठेवलं नाही तर हा माणूस रेशन कार्डसुद्धा उसवून अर्धं शेजाऱ्याला देईल.

फाडणं हा शब्द काकाजींना चालत नसे. फाडतो तो अडाणी, उसवतो तो कारागीर. जाड पुस्तक म्हणजे मुळात सोळा-सोळा पानांचे फर्मे एकमेकांना शिवलेले असतात. ते फर्मे अलगद सोडवायचे, चार-चार एकत्र घ्यायचे, दाभणानं भोकं पाडून दोऱ्यानं शिवायचे, खाकी कागदाचं कव्हर चढवायचं. माझ्या देखत त्या विटेचे एकोणीस भाग झाले. आता ते एक पुस्तक एकोणीस जण एका वेळी वाचू शकत होते. त्यामागचा त्यांचा विचार त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ऐकवला. "एक माणूस येवढं जाडं पुस्तक मांडीवर घेऊन बसते. तो हाय पान तीनवर. पण पान आठशे पण त्यानंच दाबून ठेवलं. काहून? पान आठशेनं काय गुन्हा केला?"

मी मोजून पाहिलं, पान आठशे तेराव्या भागात निघालं. 

त्यांच्या घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत आणि समोरच्या अंगणात मिळून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची ही अभ्यासिका चालायची. फी नाही, रजिस्टर नाही, ओळखपत्र नाही. भिंतीला लाकडी फळ्या, त्यांवर खाकी भाग ओळीनं. नियम तीनच. एका वेळी एकच भाग घ्यायचा. पुढचा भाग फळीवर नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला स्वतः जाऊन विचारायचं, काकाजींना नाही. आणि तिसरा नियम कोऱ्या पानांचा. प्रत्येक भागाच्या शेवटी काकाजी आठ कोरी पानं शिवत. वाचताना जे कळलं नाही ते त्या पानांवर लिहायचं, आणि आधीच्या कुणाला न कळलेलं आपल्याला कळलं असेल तर त्याच्या खाली उत्तर लिहायचं. पानं भरली की काकाजी नवी शिवत. काही भाग शेवटी-शेवटी मूळ मजकुरापेक्षा कोऱ्या पानांनीच लठ्ठ झाले होते, आणि मुलं भाग घेतला की आधी मागून उघडत.

माझ्या भाड्याला एक अट जोडलेली होती. आठवड्याला दोन भाग शिवून द्यायचे. माझी शिवण पाहून ते सुरुवातीला डोळे मिटून घेत. मी कोळशाच्या गावची, सुईदोऱ्याशी माझं जन्माचं वैर. पण हळूहळू हात बसला, आणि आपण शिवलेला भाग कुणाच्या तरी हातात दिसला की कॉलर ताठ व्हायची.

काकाजी कुणालाही नाव विचारत नसत. गाव विचारत. "नाव विचारलं की मांगून आडनाव येते. आडनाव आलं की त्याच्या मांगून जात येते. येवढी गर्दी झाली की पुस्तकाले जागा कुठं राहाते?" असं त्यांचं गणित होतं. त्यामुळे मी चार वर्षं 'खापरखेडा' होते. माझ्या बाबांनी तिथल्या वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली कोळसा वाहण्यात आयुष्य काढलं, तेव्हा नाव तसं शोभत होतं. स्कूटरवरून येणारा, इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा 'धरमपेठ' होता. चांगल्या घरचा, पुस्तकं विकत घेण्याची ऐपत असलेला. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं काकाजी त्याला वाटेला लावतील. त्यांनी त्याला भाग एक दिला आणि सांगितलं, "कोणाकडे पैसा हाय म्हणून त्याले पुस्तक नाही द्याचं, हे पण उलटं पाप होते." धरमपेठनं तो भाग असा धरला जणू हातात कुणाचं बाळ दिलंय. पुढे तोच अभ्यासिकेचा सर्वांत पक्का गडी झाला.

आणि एक होती 'कामठी'. सडपातळ, कमी बोलणारी, पहाटेच्या पहिल्या शेअर ऑटोनं येणारी. घरी दोन पॉवरलूम, आणि त्यांवर वडील, दोन भाऊ आणि वेळ पडेल तेव्हा ही. लूमवर तुटलेला धागा जोडण्याची सवय असल्यानं तिच्या बोटांना गाठ मारायला डोळे लागत नसत. मी दिवसभर कष्टून शिवलेला भाग महिन्यात सैल पडे आणि तिनं मारलेली गाठ जन्मात सुटायची नाही. काकाजी माझ्यासमोर तिच्या गाठीची तारीफ करायचे. मला ती मुलगी आवडायची नाही, हे मी आता सांगून टाकते. कारण गाठ नव्हतं. ती माझ्यापेक्षा हुशार होती, आणि आम्ही दोघी एकाच परीक्षेला बसत होतो.

काकाजींची आणखी एक खोड होती. तुम्ही काही वाचत बसलात की ते समोर येऊन बसत आणि समोरूनच, उलट्या बाजूनं, तुमचं पान वाचत. मराठी तर भराभर. इंग्रजी अडखळत, पण उलटंच. मी एकदा वैतागून पेपर त्यांच्याकडे फिरवला, तर म्हणाले, "राहू दे तसाच. सरळ वाचता येते मले, पण उलटं जास्त बरं जमते." पोज देतायत असं मला वाटलं. खरी गोष्ट काकूंनी सांगितली, कांदे चिरता चिरता.

त्यांच्या गावच्या शाळेत वर्गात पुस्तक एकच होतं, एका मोठ्या घरच्या मुलाचं. तो ते मांडीवर घेऊन बसे आणि बाकीची मुलं त्याला खेटून दोन्ही बाजूंनी डोकावत. काकाजींच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, तेव्हा हे त्यांच्या खांद्यावर बसून होते. पण गाव काही त्या दिवशी नागपूरला आलं नव्हतं. यांना त्या मुलाला खेटून बसायची मनाई होती. समोर, हातभर अंतरावर, बसायला कुणी मनाई करायचं विसरलं. म्हणून ते समोर बसत, आणि समोर बसल्यावर पुस्तक उलटं दिसतं. अशी सात वर्षं ते उलटी अक्षरं वाचून पास होत गेले.

हे काकूंकडून ऐकून मी डोळ्यांना ओढणी लावायच्या बेतात होते, तेवढ्यात काकाजी आत आले आणि त्यांनी गोष्टीचा शेवट स्वतः केला. छापखान्यात मोठ्या कागदावर पानं छापतात तेव्हा घडी बरोबर यावी म्हणून निम्मी पानं डोक्यावर उभी छापलेली असतात. भरतीच्या दिवशी साहेबानं तसा कागद समोर टाकून पानांचा क्रम विचारला. बाकीची पोरं कागद फिरवत बसली, यांनी जागच्या जागी सांगितला. नोकरी लागली. "ज्यायनं दूर बसवलं, त्यायनंच नोकरी लावली म्हणा लागते," एवढं बोलून ते चहाला बसले आणि चहात साखर कमी आहे म्हणून भांडले.

त्यांना अन्यायाबद्दल भाषण करताना मी कधी ऐकलं नाही. सुरी, दाभण आणि दोरा ही त्यांची भाषणं.

एकदा धरमपेठनं मोबाईलवर त्यांना दाखवलं, की काही प्राध्यापक आपली अख्खी पुस्तकं इंटरनेटवर मोफत ठेवतात, आणि वर लिहून देतात की कुणीही छापावीत, वाटावीत, सुधारावीतसुद्धा. काकाजींचा विश्वास बसेना. ती परवानगीची ओळ त्यांनी धरमपेठकडून तीनदा वाचून घेतली, मग माझ्याकडून एकदा, कारण धरमपेठ थट्टा करत असेल अशी त्यांना शंका होती. "मालकानं सोताच लिहून देल्लं? सुधारा म्हणून पण?"  तिसऱ्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानातून गणिताचं एक अख्खं पुस्तक छापून आणलं, भाग पाडले, शिवले, आणि एका भागाला न सांगता आठाऐवजी सोळा कोरी पानं लावली. मी विचारलं तर म्हणाले, "तो माणूस येवढा मोठ्या मनाचा, तर आपणही जरा पानं वाढवून द्याव."

पण विकतच्या पुस्तकाची झेरॉक्स त्यांना मुळीच चालत नसे. ज्यानं लिहून दिलं नाही त्याचं न विचारता छापणं म्हणजे चोरी, या बाबतीत छापखान्याचा माणूस कट्टर होता. विकत घ्यायचं, उसवायचं आणि वाटायचं. हातानं उतरवून घ्यायला हरकत नाही, कारण तो अभ्यास. धरमपेठनं एकदा त्यांना समजावलं, की काकाजी, कायद्यानं दोन्ही सारखंच आहे. काकाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "कायद्यात तुहं खरं असन. पण हातानं उतरवताना हात दुखते. दुखल्यावर माणसाले चोरी केल्यासारखं वाटत नाही."

हे सगळं सांगते आहे ते मुद्दाम. पुढे मी जे केलं ते या माणसाच्या घरात राहून केलं, हे तुम्हाला कळायला हवं.

माझ्या तिसऱ्या प्रयत्नाचं वर्ष होतं. घरून निरोप आला होता की हे शेवटचं. बाबांचा दमा वाढला होता, धाकटीचं शिक्षण होतं, आणि बघायला येणारी मंडळी दोनदा थोपवून झाली होती. परीक्षा दीड महिन्यावर. अर्थशास्त्राचा भाग सातवा माझ्या हाती आला, महागाईवरचा. सर्वांत अवघड आणि दरवर्षी हमखास विचारला जाणारा. कामठीचा सहावा संपत आला होता. म्हणजे नियमानं ती मला येऊन विचारणार.

ती आली. चटईशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "सात तुझ्याकडे आहे का?"

"नाही गं," मी म्हणाले, "सात फळीवर ठेवला कधीच, माझं आठ चालू आहे."

किती सहज निघालं ते तोंडातून. भाग सात तेव्हा वर माझ्या पेटीत कपड्यांखाली होता. तो मीच शिवला होता, तेव्हा त्यावर माझा थोडा हक्क आहे, एवढं निमित्त मनाला पुरलं. रजिस्टर नसलेल्या घरात चोरी करायला अक्कल लागत नाही. नुसतं गप्प बसावं लागतं.

मला वाटलं होतं, भाग हरवला म्हटल्यावर आठ दिवस कुजबुज होईल आणि विषय संपेल. काकाजींना कुणावर संशय घेण्याची सवयच नव्हती, म्हणून त्यांनी तो स्वतःवर घेतला. कुठंतरी आपणच ठेवला आणि विसरलो, असं धरून त्यांनी माळा उतरवला. फळ्यांमागे हात घातला, कूलरच्या स्टँडखाली वाकून पाहिलं. काकूंना म्हणाले, तू रद्दीत तर नाही ना दिला, आणि चाळीस वर्षांत प्रथमच काकू त्यांच्यावर खरोखर रागावल्या. मी वर खोलीत ते ऐकत सातव्या भागावर खुणा करत होते.

मग त्यांनी सायकल काढली. धरमपेठेतल्या एका ग्रंथालयात ते पुस्तक होतं, पण घरी मिळत नसे, तिथंच बसून वाचायचं. मे महिना, ऊन असं की डांबर चपलेला चिकटावं. काकाजी डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून रोज दहाला निघायचे आणि तीनला परत यायचे. मोबाईलवर फोटो काढून आणतो म्हणून धरमपेठ मागे लागला, त्याला त्यांनी हात दुखण्याचं तेच उत्तर दिलं. सातवीपर्यंतचं इंग्रजी घेऊन हा माणूस अर्थशास्त्राची चौसष्ट पानं उतरवत होता. शब्द कळत नव्हते. अक्षरं एकेक करून काढत होते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. रोज संध्याकाळी पाच-सहा पानं आणून कामठीला देत आणि विचारत, "लागते का वाचाले?" ती म्हणे, लागतं काकाजी, छान लागतं.

अकरा दिवस हे चाललं. रोज रात्री मी ठरवत असे की उद्या गुपचूप फळीवर ठेवून देऊ, आणि रोज सकाळी खालच्या खोलीत आधीच कुणीतरी बसलेलं असे. खरं सांगायचं तर सकाळी माझा धीर बसलेला असे, बाकी कुणी नाही.

अकराव्या दिवशी उतरवणं पूर्ण झालं. बाराव्या दिवशी सकाळी काकाजींनी चार फर्म्यांएवढा तो हस्तलिखित भाग शिवला, खाकी कव्हर घातलं, वर मोठा सात काढला. दुपारी सगळे कूलरसमोर बसले होते. कामठी वाचता वाचता थांबली. दोनदा मागेपुढे केलं आणि अगदी हळू म्हणाली, "काकाजी, इथं एक ओळ सुटली वाटते. वाक्य लागत नाही आहे."

काकाजींचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा लावून ते पान पाहिलं, पण कुठली ओळ सुटली ते त्यांना कळणार कसं? मग म्हणाले, "काही हरकत नाही. जाऊन येतो. तेवढं एक पान पाह्याचं हाय." आणि भर दोन वाजता ते दुपट्टा माठाच्या पाण्यात बुडवायला उठले.

ते पान वर माझ्या पेटीत होतं. सतरा पायऱ्यांवर.

मी वर गेले, पेटी उघडली, भाग सात घेतला आणि खाली येऊन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. तो माझ्याच बाजूला तोंड करून ठेवला गेला. त्यांनी नेहमीप्रमाणे समोरून, उलटाच वाचला. "सात," ते म्हणाले.

"माझ्याकडे होता, काकाजी."

"कवापासून?"

"पहिल्यापासून."

कूलर घरघरत होता. कामठी माझ्याकडे बघत होती, आणि धरमपेठ, देवाच्या दयेनं, जमिनीकडे. काकाजी खाली बसले. बराच वेळ ओला दुपट्टा मांडीवर पिळत राहिले, त्याचं पाणी धोतरावर पडत होतं ते त्यांना कळलं नाही.

"मी माळा उतरवला वं," ते म्हणाले. "तुह्या काकूवर संशय घेतला. मले वाटलं, माहं डोकं गेलं आता."

एवढंच. आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. मी तिथंच उभ्या उभ्या रडले, आणि काकूंनी आतून येऊन मला पाणी दिलं, त्यानं जास्तच रडू आलं.

मग त्यांचा हात हळूच मूळ भागाकडे गेला. दुसऱ्या हातात त्यांनी स्वतः लिहिलेला भाग घेतला. दोन्ही जरा वेळ हातात तोलले, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाचा चेहरा उजळत गेला. खोटं नाही सांगत. "म्हणजे," ते म्हणाले, "आता सातचे दोन झाले."

ज्याच्या घरात चोरी झाली तो माणूस मोजून खूश होत होता. सगळ्या भागांत सातसाठीच सर्वांत लांब रांग लागायची, आणि आता दोघं वाचू शकणार होते. राग विसरून, किंवा बाजूला ठेवून, ते कामाला लागले. मी मूळ भाग मोठ्यानं वाचायचा, कामठीनं नक्कल पाहायची, फरक आला की थांबायचं, ते दुरुस्त करणार. हीच माझी शिक्षा असेल तर तिच्यात संध्याकाळ झाली. अकरा चुका निघाल्या. कामठी प्रत्येक ठिकाणी फक्त "थांब" म्हणायची. त्याशिवाय माझ्याशी एक शब्द नाही.

शेवटी कोरी पानं आली. मूळ भागातल्या, अजून कुणी न भरलेल्या पहिल्याच कोऱ्या पानावर माझी पेन्सिल होती. सवयीनं मी तिथं एक प्रश्न लिहून ठेवला होता, जो मला अकरा दिवस सुटत नव्हता. महागाईचा दर कमी झाला असं वाचतो, मग वस्तू स्वस्त का होत नाहीत? काकाजींनी तो समोरून वाचला.

"प्रश्न लिवला अन् पेटीत ठेवला? मंग उत्तर कोण देईन, झुरळं?"

धरमपेठला हसू फुटलं आणि त्यानं खोकल्याचं सोंग केलं. मीही रडता रडता हसले. कामठी हसली नाही. तिची ऑटोची वेळ झाली होती, ती उठून गेली.

त्या वर्षी कामठी निवडली गेली. मी थोडक्यात राहिले. बाबांना मी सगळं सांगितलं, भागासकट, आणि का कुणास ठाऊक, त्यांनीच आणखी एक वर्ष दिलं. आता मी एका तालुक्याच्या गावी नोकरीत आहे, माझं चांगलं चाललंय. दर पंधरा दिवसांनी रविवारी काकाजींकडे जाते आणि दोन भाग शिवून येते, अट अजून उठलेली नाही. ते पंच्याहत्तरीला आले. हात थरथरतात म्हणून दाभण आता काकूंकडे आणि सूचना यांच्याकडे, त्यामुळे अंगणात भांडणं वाढली आहेत. कामठी अधिकारी झाली, गाडी आहे, तरी तिचा फोन आला की काकाजी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडतात, "बोल कामठी!" ती पुस्तकं पाठवते. मुद्दाम न उसवलेली पाठवते, कारण तो आनंद त्यांचा आहे. फळीवर सातचे दोन्ही भाग शेजारी असतात. नवी मुलं काकाजींच्या अक्षरातलाच आधी उचलतात, अर्थ न कळता काढलेलं ते अक्षर छापल्यापेक्षा स्वच्छ आहे.

पण मला मुळात सांगायचं होतं ते परीक्षेच्या आठ दिवस आधीचं.

त्या दुपारनंतर कामठी माझ्याशी बोलत नव्हती आणि मी तिच्याकडे बघत नव्हते. मी दाराशी बसायचे, ती खिडकीशी. अशात एका सकाळी मी फळीवरून मूळ भाग सात घेतला, या वेळी सगळ्यांदेखत, आणि नेहमीसारखा मागून उघडला. माझ्या पेन्सिलीखाली निळ्या शाईत उत्तर होतं.

'दर कमी झाला म्हणजे भाव उतरले असं नाही. भाव चढतच असतात, फक्त चढण्याचा वेग कमी होतो. आमचा लूम हळू चालवला तरी कापड वाढतच राहतं, उसवत नाही.'

अकरा दिवस पेटीत कुजलेला प्रश्न तीन ओळींत सुटला होता. त्याखाली एक जागा सोडून आणखी एक ओळ होती.

'तेव्हाच विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं. मी समोरच तर बसून होते.'

मी मान वर केली. ती खिडकीशी खाली बघून वाचत होती. तिनं मला वाचताना पाहिलं होतं की नाही, ठाऊक नाही. मी माझी चटई उचलली, तिच्याजवळ नेली आणि अगदी खेटून टाकली.  हातातला भाग थोडा सरकवून तिनं दोघींच्या मध्ये धरला, आणि आम्ही वाचू लागलो.

दोन पानं झाली असतील. तिसऱ्यावर मी अडले, आणि या वेळी विचारलं. ती बोट ठेवून सांगू लागली. तेवढ्यात समोरून आवाज आला. काकाजी हातभर अंतरावर कधी येऊन बसले होते, आम्हाला कळलंच नव्हतं.

"पलटवा ना वं पान," ते म्हणाले. "माहं कवाचं झालं."